कार्बोरेटर बदलण्याआधी टाकीपासूनचा पाईप बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या आपल्या भागात अजून बऱ्याच घरांत जुनी पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर नाहीतर पेट्रोल जीप आहे, आणि अलीकडं यातल्या कितीतरी गाड्या पत्र्याच्या शेडात नेऊन लावल्यात, कारण विचारलं की एकच सांगायलेत, पेट्रोल उचलत नाही. चढाला झटके मारते, गरम झाली की बंद पडते, थोड्या वेळानं आपोआप चालू होते. मग कोणीतरी म्हणतो इंजिन गेलं, कोणी म्हणतो इथेनॉलचं पेट्रोल आल्यावर या गाड्या चालणारच नाहीत, भंगारात घाला. मला हे अजिबात पटत नाही. माझं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथचं काम आहे, घरात वडिलांनी घेतलेली पद्मिनी आहे आणि ती रोजच्या वापरात आहे, तिच्यात आजचं पंपावरचं पेट्रोलच जातंय. म्हणून आपल्या वाचकांसाठी थोडं सविस्तर लिहायलोय, जागा जास्त लागली तरी कृपा करून छापा.

पहिली गोष्ट म्हणजे या गाड्यांत पेट्रोलचा रस्ता एकदम साधा आहे. मागं टाकी, तिथून लोखंडी पाईप, मध्ये मध्ये रबरी होज म्हणजे नळी, मग इंजिनला लागून बसवलेला एसी पंप (पेट्रोल ओढणारा, थंड हवेच्या एसीशी याचा संबंध नाही), तिथून पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर, बास. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन घ्या नाहीतर अ‍ॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं, ना सेन्सर ना कॉम्प्युटर. इंजिनमधला कॅमशाफ्ट (उंचवट्यांचा दांडा) फिरतो, पंपाचा लिव्हर वरखाली होतो, आत रबरी डायफ्रॅम म्हणजे पडदा आहे तो टाकीतलं पेट्रोल ओढतो आणि पुढं ढकलतो, कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल भरून तरंगता फ्लोट वर आला की निडल वॉल्व्ह बंद होतो आणि पेट्रोल थांबतं. एवढ्या रस्त्यात जो काही दोष असेल तो शोधता येतो, फक्त क्रमानं शोधायला पाहिजे, आणि नेमकं तेच कोणी करत नाही, गाडी गॅरेजला गेली की पहिला पाना कार्बोरेटरलाच लागतो.

माझ्या खानापूरच्या मामेभावाची अ‍ॅम्बेसेडर सांगतो. गोव्याहून येताना चोर्ला घाट चढायला लागली की अर्ध्यात दम सोडायची, कणकुंबीपर्यंत येईस्तोवर जीव काढायची. सपाट रस्त्यावर बेळगावपर्यंत झक्कास. एका गॅरेजवाल्यानं आधी प्लगला करंट देणारी कॉइल बदलली, मग तिच्या जोडीचा कंडेन्सर, मग कार्बोरेटरचं किट, मग आख्खा कार्बोरेटर नवा, आणि तरी होईना म्हटल्यावर इलेक्ट्रिक पंप बसवला, तोही इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटर नसलेल्या नव्या गाडीचा. आता बघा, आपला जुना मेकॅनिकल पंप साधारण २ ते ४ पीएसआय प्रेशर देतो, कार्बोरेटरचा निडल वॉल्व्ह तेवढ्याच प्रेशरला थोपवायला बनवलेला आहे, आणि इंजेक्शनचा पंप ४० पीएसआयच्या वर जातो. निडल काय थांबवणार त्याला, पेट्रोल ओव्हरफ्लो होऊन तापलेल्या मॅनिफोल्डवर गळायला लागलं. पोराबाळांना घेऊन जाणारी गाडी हो ती, पेटली असती म्हणजे? तो घाबरून माझ्याकडं आला, म्हणाला, "दादा, इंजिनच काढून डिझेलचं बसवूया काय?"

मी त्याला एकच विचारलं, टाकी फुल असताना त्रास होतोय की कमी असताना. तो जरा विचार करून म्हणाला, फुल असली की बरी चालते, निम्म्याच्या खाली आली की घाटात रडते. मग बोनेट उघडायचंच नाही, मागं जायचं. टाकीतून पाईप बाहेर येतो तिथं बोटभर लांबीचा रबरी होज होता, वरून चांगला काळाभोर, कोरडा ठाक, एक थेंब गळत नव्हता. तो नुसता वाकवला तर बाहेरच्या अंगाला केसाएवढ्या बारीक चिरा उघडल्या, सोडला की परत मिटल्या, आणि बोटाला काळं लागलं. क्लिपखाली तर रबर एवढं कडक झालं होतं की क्लिप सैल करून होज काढल्यावर त्याचा पाईपवरचा आकार तसाच राहिला. गोम इथंच होती. पंपाच्या अलीकडचा सगळा पाईप ओढीवर चालतो, त्यात चीर पडली तर पेट्रोल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. चिरलेल्या स्ट्रॉनं उसाचा रस ओढल्यावर नुसती हवाच येते ना, तसलं हे. टाकी भरलेली असली की पंपाला कमी ओढावं लागतं म्हणून चालून जातं, पातळी खाली गेली आणि गाडीचं तोंड घाटात वर झालं की ओढ वाढते, हवा शिरते, फ्लोटची वाटी रिकामी होते. होज नवा टाकला, जुना मेकॅनिकल पंप परत चढवला, गाडी चोर्ला चढली. कार्बोरेटर, कॉइल, पंप यावर झालेला सगळा खर्च पाण्यात.

आता क्रम सांगतो, हा कोणालाही जमेल. आधी थोडी काळजी, खालची पहिली तपासणी सोडली तर इंजिन गार असताना काम करा, आसपास विडी-सिगरेट नको, वाळूची बादली जवळ ठेवा, उघड्या पेट्रोलजवळ सैल वायर ठिणगी मारणार नाही हे बघा.

गाडी बंद पडली त्याच जागी, गार व्हायच्या आत, एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या घशात बघायचं आणि हातानं अ‍ॅक्सिलरेटरचा दांडा ओढायचा. आत बारीक धार उडाली पाहिजे. धार उडत असेल तर वाटीत पेट्रोल आहे, मग प्लगला करंट येतोय का ते आधी बघा, कारण गरम झाल्यावर बंद पडणं हे कॉइल नाहीतर कंडेन्सरचंही लक्षण आहे आणि अर्धे लोक इथंच फसतात, करंटचा दोष आणि शिव्या पेट्रोलला. धार उडालीच नाही तर बहुतेक पेट्रोल येत नाही आणि पुढचा तपास त्या बाजूला. एवढ्या एका तपासणीनं निम्मं काम होतं, आणि याला एक रुपया लागत नाही.

धार नाही म्हटल्यावर टाकीचं झाकण उघडा. उघडताना सुस्स असा हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी व्यवस्थित चालली तर झाकणाचं हवेचं भोक बंद आहे. पेट्रोल जसं संपत जातं तशी टाकीत हवा आली पाहिजे, नाहीतर आत व्हॅक्यूम होतो आणि पंप ओढून ओढून दमतो. आपल्याकडं लाल मातीची धूळ काय कमी आहे काय, आणि बाजारात मिळणारी झाकणं कित्येकदा बिनभोकाचीच येतात, कुठल्या तरी दुसऱ्या गाडीची.

झाकण ठीक असेल तर कार्बोरेटरला येणारा पाईप काढून बाटलीत धरा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा (त्याआधी कॉइलची वायर काढून ठेवा, ठिणगी नको). पेट्रोल ठोके देत जोरात आलं पाहिजे, फुसफुस फेस आला तर अलीकडं कुठंतरी हवा धरतेय. काहीच नाही आलं तर पंपाला येणारा पाईप सोडून टाकीकडं फुंकर मारा, कोणाला तरी टाकीच्या तोंडाशी कान लावून बुडबुड ऐकायला सांगा. पण नुसत्या फुंकरीवर विसंबू नका. जुन्या होजचा आतला थर सुटून लोंबायला लागतो, तो फुंकर मारली की बाजूला होतो आणि पंपानं ओढलं की दार लावल्यागत बंद होतो, त्यामुळं पाईप मोकळा आहे असं वाटतं आणि माणूस पंपावर खर्च करत बसतो. दहा वर्षं झालेला होज दिसायला कितीही चांगला असू दे, बदलूनच टाका.

पंपाचं बघायचं तर बऱ्याच एसी पंपांना खाली हातानं मारायचा छोटा लिव्हर असतो, तो मारून कार्बोरेटर भरता येतो. लिव्हर ढिला लागला, काही ओढतच नाही असं वाटलं तर लगेच पंप खराब म्हणू नका, कॅमचा उंचवटा नेमका पंपाच्या दांड्यावर येऊन थांबलेला असू शकतो, इंजिन थोडं फिरवून परत मारून बघा. डायफ्रॅम फाटला असेल तर पेट्रोल इंजिनच्या ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिक काढून वास घ्या, पातळी वाढलेली आणि ऑइल पातळ लागलं तर गाडी अजिबात चालवू नका, बेअरिंग जातील. जीपच्या पंपाला काचेची वाटी असते ती तर देवानंच दिलेली खिडकी आहे, तळाला पाणी, गंज सगळं दिसतं, फक्त तिचं कॉर्कचं पॅकिंग वाळलं की तिथूनही हवा धरते.

एवढं करूनही शंका राहिली तर आपल्या गॅरेजवाल्यांची सलाईनची बाटली आहेच. रिकाम्या बाटलीत पेट्रोल भरून ती बोनेटच्या वर टांगायची, नळी थेट कार्बोरेटरला, गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन चालवायचं. बाटलीवर स्लो आणि रेस दोन्ही नीट लागले तर कार्बोरेटरची शंका बरीचशी मिटते, दोष बहुतेक पंपापासून मागं. बाटलीवरही अडखळत असेल तर मात्र कार्बोरेटर उघडा. तेव्हाही एक हात जोडून विनंती, जेटमध्ये तार घालू नका. पितळेचं भोक आहे, माप ठरलेलं आहे, तारेनं ते वाढलं की गाडी पेट्रोल प्यायला लागते आणि मग कुठल्याच ट्यूनिंगला येत नाही. मी लेथवाला आहे, अशी तारेनं ओरखडलेली जेट बघितली की पोटात कालवतं. क्लीनर आणि हवेचं प्रेशर, बास. फ्लोट पितळी असेल तर काढून कानाजवळ हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर भोक पडलंय, तो बुडतो आणि ओव्हरफ्लो होतो.

गरमीचं वेगळं सांगतो. मार्च ते मे तवंदी घाटात ट्रॅफिकमध्ये अडकलं की खालच्या पाईपात पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ओढू शकत नाही. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकायचे ते बरोबरच होतं. पण रोजचा त्रास असेल तर पाईप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळून गेलाय का, पंपाखालचं जाड पॅकिंग कोणी काढून टाकलंय का, कार्बोरेटरखालचा ठोकळा जागेवर आहे का हे बघा. ते पॅकिंग नुसतं गळती थांबवायला नसतंय, इंजिनची उष्णता वर जाऊ नये म्हणून असतंय, आणि रिपेरीत तेच पहिलं गायब होतं.

आता इथेनॉल. मी इथेनॉलच्या विरोधात नाही हे आधी सांगतो. ऊस आपला, कारखाने आपले, बेळगाव जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या बिलाशी याचा थेट संबंध आहे. पण जे आहे ते सांगायला पाहिजे. २०१३-१४ ला पेट्रोलमध्ये दीड टक्का इथेनॉल होतं, २०२२ ला १० टक्के झालं, २० टक्क्यांचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं ते अलीकडं ओढून २०२५ मध्ये गाठलं. २०२३ च्या एप्रिलपासून नव्या गाड्या त्याला चालणारं रबर-प्लास्टिक वापरून यायला लागल्या. आपल्या गाड्या त्याच्या कितीतरी आधीच्या, त्यांचं रबर, कॉर्क, पॅकिंग दुसऱ्या पेट्रोलसाठी केलेलं. इथेनॉलनं ते रबर आधी फुगतं, मग सुकलं की तडकतं. दुसरं, इथेनॉल टाकीत वर्षानुवर्षं बसलेला चिकटा सोडवतं आणि तो सगळा येऊन फिल्टरला, जेटला बसतो, म्हणून नवं पेट्रोल सुरू झालं तेव्हा बऱ्याच गाड्या एकदम चोकअप झाल्या. तिसरं, ते पाणी धरतं. जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात चार महिने निम्म्या टाकीनं उभी राहिलेली गाडी म्हणजे दमट हवेचं घरच, पाणी ठराविक प्रमाणाच्या वर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला वेगळा थर होतो, आणि पंप तळातूनच ओढतो. पावसाळ्याआधी टाकी एकतर फुल करा नाहीतर पूर्ण रिकामी करा, कार्बोरेटरची वाटी कोरडी करा. वाटी उघडल्यावर आत पांढरी पावडर दिसली तर ती मातीची नव्हे, मिश्रधातूला पाण्यानं खाल्ल्याची आहे.

चौथी गोष्ट ट्यूनिंगची. नुसत्या पेट्रोलच्या एका भागाला वजनानं १४.७ भाग हवा लागते, २० टक्केवाल्याला साडेतेराच्या आसपास. इंजेक्शनची गाडी स्वतः हिशेब जुळवते, कार्बोरेटरला ते कळत नाही, त्यामुळं इंजिन पातळ मिश्रणावर, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी असं चालतं, गार असताना चोक जास्त वेळ लागतो, कार्बोरेटरमधून फट् फट् होतं, प्लग पांढरा पडतो. मेन जेट एका मापानं मोठा केला की बहुतेक गाड्या सुधारतात. अ‍ॅव्हरेज मात्र कमी होणार, नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या चारचाकीला ६ ते ७ टक्के घट सांगितलीय, तेवढं धरून चाला.

ज्यांना खात्री करायची त्यांनी मापाच्या उंच काचेच्या नळीत २० मिली पाणी आणि ८० मिली पेट्रोल घालून हलवावं, जरा वेळ ठेवावं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं, खालची रेघ २० वरून ३५ च्या आसपास चढली तर ते २० टक्केवालं. घराबाहेर करा, चुलीपासून लांब.

म्हणून माझं मागणं दोघांकडं आहे. पेट्रोल कंपन्यांनी प्रत्येक पंपावर इथेनॉल किती टक्के ते कन्नड आणि मराठी दोन्हीत मोठ्या अक्षरात लिहावं. पैसे देऊन काय घेतोय ते गिऱ्हाइकाला कळायला नको काय? निपाणीच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला जीपमध्ये काय घातलंय ते वाचता आलं पाहिजे, आणि शेजारच्या कन्नड माणसालाही. दुसरं आपल्या उद्यमबागच्या उद्योजकांना. इथं फाउंड्री आहे, लेथ आहे, मोठमोठ्या कंपन्यांचे पार्ट आपण बनवतो. पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, जीप यांच्या एसी पंपाचा डायफ्रॅम, वॉल्व्ह आणि पॅकिंग इथेनॉलला टिकणाऱ्या व्हायटॉनसारख्या रबरात कोणी बनवून द्यायला पाहिजे. बाजारातलं साध्या रबराचं किट फार दिवस टिकत नाही, मग परत गाडी बंद आणि परत गाडीच बदनाम. होज मात्र आत्ताही चांगले मिळतात, घेताना त्यावर एसएई जे३० आर९ (SAE J30R9) हे होजचं मानक छापलंय का तेवढं बघून घ्या, नुसतं "पेट्रोल पाईप" म्हणून मीटरवर मिळतो तो नको.

आणि ज्यांची गाडी ५० वर्षांची झालीय त्यांनी भंगारवाल्याला हाक मारण्याआधी हे ऐका, केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमात अशा गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, दहा वर्षांची. त्या नोंदणीवर रोजची वाहतूक करता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती असल्या कामालाच गाडी काढता येते, पण गाडी जिवंत राहते. पद्मिनीच्या आधीच्या फियाट ११००, सुरुवातीच्या अ‍ॅम्बेसेडर, जुन्या जीप यात बसतात. पद्मिनी बनवणारी प्रीमियर कंपनी काढणारे वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे, त्यांच्या कारखान्यातून निघालेली गाडी एका बोटभर होजपायी किलोवर विकली जायलीय हे बघवत नाही हो.

ज्यांची गाडी शेडात उभी आहे त्यांनी या रविवारी ती बाहेर काढून चालवा, बंद पडली की लगेच बोनेट उघडा, एअर क्लीनर काढा, अ‍ॅक्सिलरेटरचा दांडा ओढा आणि धार उडते का बघा. नाही उडाली तर मागं टाकीकडं जा आणि होज वाकवून बघा.

आपला,
एक नियमित वाचक
अनगोळ, बेळगाव